सही करण्याआधी जरा थांबा!

मैत्रिणींनो, बाजारात मडके घेताना आपण काय करतो? एका हातावर ते तोलून धरतो आणि दुसऱ्या हाताने टकटक वाजवून पाहतो. खणखणीत वाजले तर पैसे देतो, बद्द वाजले तर मुकाट्याने परत ठेवतो. शे-दीडशे रुपयांच्या मडक्याची एवढी पारख! आणि तीन-तीन लाखांचे यंत्र दारात येते तेव्हा? "मालक घरी नाहीत ना, मग वहिनी, तुम्हीच करा सही," असे कुणी म्हणायचा अवकाश, आपण कागद वाचतसुद्धा नाही. सही करून मोकळ्या!

"यंत्रातले आम्हा बायकांना काय कळते?" असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हणत होते. पण आपल्यासारख्या लहान गावांत घराला लागूनच वर्कशॉप असते, पिठाची गिरणी असते, दालमिल असते. पुरुषमाणूस कामासाठी बाहेर गेलेला असतो आणि ट्रक नेमका तेव्हाच येतो. दारात उभी असते ती आपण. म्हणून मोठे यंत्र वाटेत आपटले, कलले, तर त्या पहिल्या दोन तासांत काय पाहायचे आणि काय करायचे नाही, हे घरातल्या बाईला ठाऊक असायलाच हवे. मला ते कसे ठाऊक झाले, ते आधी सांगते.

ताडपत्री उघडली आणि…

आमचे वर्कशॉप हदगावात आहे. नांदेडहून अर्धापूर, वारंगा फाटा करत उमरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. आजूबाजूला हळद, ऊस, कापूस, सोयाबीन. त्यामुळे आमच्याकडे काम येते ते मळणीयंत्रांचे, ट्रॉल्यांचे, हळद शिजवायच्या बॉयलरचे आणि पॉलिशच्या ड्रमचे. वेल्डिंग घरचेच, पण एखादा शाफ्ट कातून आणायचा किंवा बुश करायचा म्हटले की नांदेड गाठायचे. सगळा दिवस त्यात जाई, आणि शेतकरी खळ्यावर खोळंबून बसे.

म्हणून सहा फुटी लेथ घ्यायचे ठरले. किंमत सव्वातीन लाख. काही बँकेचे कर्ज, काही हळदीच्या हंगामातली शिल्लक, आणि उरलेल्यासाठी माझ्या पाटल्या गहाण. यंत्र राजकोटहून ट्रकने यायचे होते. सासूबाईंनी मुहूर्त काढला अक्षय्य तृतीयेचा. २०२२ साली ती ३ मे रोजी होती.

ट्रक आला २ तारखेला, भर दुपारी. आमचे हे तामशाकडच्या एका शेतात बॉयलर दुरुस्त करायला गेलेले. ड्रायव्हरने ताडपत्री ओढली आणि माझ्या पोटात धस्स झाले. यंत्र सरळ उभे नव्हते. खालची लाकडी चौकट एका बाजूने मोडली होती, बांधलेला पट्टा सैल होऊन लोंबत होता आणि ते टनभर वजनाचे धूड ट्रकच्या फाळक्याला टेकून कलले होते.

"कुछ नहीं हुआ भाभीजी, जरा टेढ़ा हुआ है," असे म्हणत त्याने बिल्टी पुढे केली. तिच्यावर 'माल सुस्थितीत मिळाला' असे छापलेले होते आणि खाली सहीची जागा. त्याला पुढे नागपूरला जायचे होते. आमच्याकडचे दोन कामगार तर पहारी घेऊन यंत्र सरळ करायला ट्रकवर चढलेसुद्धा!

मी यांना फोन लावला. यांनी नांदेडच्या एका जुन्या मिस्त्रींना लावला. पाच मिनिटांत त्यांचा निरोप आला: "कुणालाही हात लावू देऊ नका. आधी फोटो काढा. सही कोरी करू नका. आणि मी येईपर्यंत बटन दाबू नका."

बायांनो, त्या चार वाक्यांत सगळे शास्त्र होते. आता ते उलगडून सांगते.

दिसले तेवढेच लिहा

पहिली गोष्ट माणसांची. कललेले यंत्र हाताने, पहारीने सरळ करायचे नाही. लेथचे वजन वरच्या भागात आणि एका टोकाला जास्त असते. कधी कलंडेल याचा नेम नाही, आणि खाली सापडलेला हात पुन्हा मिळत नाही. पोरांना आत पाठवा, कामगारांना खाली उतरवा, आणि हायड्रा क्रेन मागवा. भाड्याचे दोन-तीन हजार गेले तरी चालतील.

दुसरी गोष्ट फोटोंची. यंत्र ट्रकवर असतानाच, कुणीही हात लावण्याआधी, चारी बाजूंनी फोटो काढा. ट्रकचा नंबर, मोडलेली चौकट, सुटलेला पट्टा, ओल लागली असेल तर ती, हे सगळे त्यात आले पाहिजे. एकदा यंत्र खाली आले की ते वाटेत कलले होते की तुम्ही उतरवताना पाडले, हे कोण सांगणार?

तिसरी गोष्ट सहीची. पोच घ्यायची नाही असे नव्हे, पण कोरी घ्यायची नाही. मी बिल्टीवर लिहिले: 'माल ट्रकमध्ये डाव्या बाजूस कललेला आढळला. खालची लाकडी चौकट मोडलेली. यंत्राची तपासणी बाकी.' तारीख, वेळ, सही. कुणाचा दोष, किती नुकसान, यातले एक अक्षर नाही. डोळ्यांना जे दिसले तेवढेच. बिल्टीच्या सगळ्या प्रतींवर तेच लिहिले आणि खाली ड्रायव्हरचीही सही मागितली.

तो चिडला. "मेरी तनखा कटेगी," म्हणाला. खरे सांगते, मला वाईट वाटले. उन्हातान्हातून आलेला माणूस, त्याच्या घरीही कुणी वाट पाहत असेल. सासूबाईंनी त्याला ओट्यावर बसवले, भाकरी-पिठले वाढले, माठातले पाणी दिले. जेवून झाल्यावर त्याने आपणहून पेन मागून घेतले. "जो सच है वही लिखा है," एवढेच म्हणाला. खरे लिहिले की भांडावे लागत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

बिडाचा तवा आणि पोळीचा तवा

आता यंत्राकडे वळू या. यातले मर्म आपल्या स्वयंपाकघरातच आहे. धिरडी-आंबोळ्यांसाठी आपण बिडाचा तवा वापरतो आणि पोळ्यांसाठी पत्र्याचा. पत्र्याचा तवा हातून पडला तर वाकतो, डुगडुगतो, पण फुटत नाही. बिडाचा तवा पडला तर वाकत नाही. त्याला सरळ चीर जाते, नाहीतर तुकडाच उडतो.

लेथचेही तसेच. तिचा लांब पाट, ज्याला बेड म्हणतात, तिचे पाय, डावीकडचा हेडस्टॉक, उजवीकडचा टेलस्टॉक, हे सगळे बिडाचे ओतकाम असते. आणि पुढच्या बाजूने लांबलचक जाणारा आट्यांचा दांडा, म्हणजे लीड स्क्रू, तो पोलादाचा. म्हणून तपासणीचे सूत्र एकच: बिडात चीर शोधा, पोलादात वाक शोधा. बीड धक्क्याने तडकते, पोलाद भाराने वाकते. दोन्ही गोष्टी वरवर पाहून दिसतीलच असे नाही.

आणि ओतीव लोखंड काही आपल्याला परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९४१ पासून हरिहरच्या कारखान्यात त्याच घराण्याच्या लेथ तयार होऊ लागल्या. याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. नांगराचे ओतकाम आणि बायकांचे मासिक एकाच गावात! तेव्हा यंत्राला हात लावताना आपण उगाच का बिचकावे?

डोळे, कान आणि खडू

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेनने यंत्र खाली घेतले. अक्षय्य तृतीया. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि म्हणाल्या, "आता दाब बटन." मी म्हटले, "आई, मिस्त्री दुपारी येतील." त्या म्हणाल्या, "आगं, मुहूर्त टळूलालाय की! एकदा घुर्र केलं तर काय हुतंय?"

यांचीही घालमेल चालली होती. दोन महिने वाट पाहिलेले यंत्र समोर, बाहेर पाच जणांचे शाफ्ट येऊन पडलेले, बँकेचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू. "बाहेरून तर सगळं ठीक दिसतंय," हे म्हणाले. मी हात जोडले आणि म्हटले, "मुहूर्त नारळाला लागला. बटनाला उद्या लागेल."

का थांबायचे, ते ध्यानात घ्या. वाकलेला दांडा फिरवला तर तो आपल्याबरोबर नटाच्या आणि गिअरच्या आट्या खातो. चीर गेलेला पाय हादऱ्यांनी आणखी उलतो. आणि एकदा का यंत्र चालवले, की विकणारा म्हणतो, "तुम्हीच चालवून बिघडवले." दोन मिनिटांच्या हौसेपायी सगळा दावा हातचा जातो.

मिस्त्री यायच्या आत आम्ही तीन गोष्टी केल्या. त्या तुम्हीही करू शकता.

*डोळ्यांनी:* यंत्राबरोबर आलेली यादी हातात घेऊन एकेक वस्तू जुळवून पाहा. मग बॅटरीच्या उजेडात रंग पाहा. बीड तडकले की वरच्या रंगालाही केसासारखी रेघ जाते किंवा रंगाची खपली निघते. कोपरे, पायांची टोके, बोल्टांची भोके, हँडलांच्या मुळ्या या जागी आधी पाहा, कारण धक्का तिथेच बसतो. एखादा तुकडा उडाला असेल तर आतला रंग पाहा. ताजा तुटलेला भाग राखाडी, दाणेदार आणि चमकदार दिसतो. जुना असेल तर गंजलेला नाहीतर तेलकट काळा असतो. ही मोड वाटेतली की आधीची, याचा तोच पुरावा. म्हणून ती जागा पुसू नका, घासू नका. तुटलेले तुकडे आणि मोडकी चौकटही जपून ठेवा. आम्ही ती लाकडे चुलीत घालायला निघालो होतो!

*कानांनी:* इथे मडक्याची विद्या उपयोगी पडते. लाकडी दांड्याने किंवा लहान हातोड्याने बिडाच्या भागावर हलकेच टकटक करा. धड ओतकाम घंटेसारखे गुंजते, तडकलेले बद्द बोलते. मात्र नुसत्या कानावर निकाल देऊ नका. बोल्ट सैल असला किंवा भाग दुसऱ्या भागावर घट्ट बसलेला असला तरी आवाज बसका येतो. एका पायाचा आवाज दुसऱ्या पायाच्या आवाजाशी ताडून पाहा. फरक वाटला तर तिथे खडू लावा.

*खडूने:* ही युक्ती ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. संशयाची जागा स्वच्छ पुसायची, तिच्यावर रॉकेल किंवा डिझेल लावून पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यायचे. मग कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसून शाळेच्या पांढऱ्या खडूची पूड चोळायची. चीर असेल तर आत शिरलेले तेल हळूहळू वर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर ओली काळसर रेघ उमटते. जवळपास विडी-काडी, शेगडी, वेल्डिंग काही चालू नको, एवढी काळजी घ्या. शहरात यासाठी लाल द्रवाच्या आणि पांढऱ्या भुकटीच्या फवाऱ्यांच्या बाटल्या मिळतात. तत्त्व तेच.

आमच्या लेथच्या उजव्या पायाचा आवाज मला बद्द वाटला. हे म्हणाले, "रंगाचा ओरखडा आहे तो." लेकीच्या कंपासमधला खडू घेतला, पूड केली, चोळली. आम्ही तिघी आणि हे, चौघे उकिडवे बसून पाहत होतो. आधी काहीच नाही. मग बोल्टाच्या भोकापासून एक ओलसर रेघ निघाली आणि बोटभर लांब होऊन थांबली.

कुणी काही बोलले नाही. सासूबाईच शेवटी म्हणाल्या, "बरं झालं बाई, बटन दाबलं न्हाई."

हात फिरवून पाहा

हे काम विजेची तार जोडण्याआधीच करायचे, म्हणजे यंत्र चुकूनही चालू होणार नाही.

चक हाताने सावकाश फिरवा. वाहतुकीसाठी एखादा भाग बांधून किंवा आवळून ठेवलेला असतो, तो आधी सोडा. चक एकसारखे फिरले पाहिजे. कुठे अडकत असेल, कचकच लागत असेल, तर आतल्या बेअरिंगला धक्का बसलेला असू शकतो. मग प्रत्येक चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. जात्याचा खुंटा धरल्यावर जाते जड चालते की हलके, हे आपल्या हाताला कळते ना? तसेच इथे. एकाच जागी दर फेरीला जड लागत असेल तर काहीतरी वाकले आहे, असे समजा.

लीड स्क्रूसाठी एकीने एका टोकाला तो फिरवावा आणि दुसरीने मधोमध डोळा लावावा. मागे पांढरा कागद धरला तर अधिक स्पष्ट दिसते. सरळ दांडा जागच्या जागी फिरतो, वाकलेला लाटण्यासारखा डुलतो. आमचा डुलत होता.

आता मिस्त्रींची पाळी

इथून पुढचे काम जाणत्याचे. पण तो काय करतो ते आपल्याला कळले पाहिजे, म्हणजे "पाहिलं, ठीक आहे" एवढ्यावर आपली बोळवण होणार नाही.

गवंड्याजवळ पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल असते. मिस्त्रींकडे तिचीच मोठी बहीण असते, फार नाजूक. एक मीटर लांबीत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाचा, म्हणजे ०.०२ मि.मी.चा चढ-उतार ती दाखवते. आपल्या डोक्याचा केस साधारण मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाएवढा जाड असतो. म्हणजे केसाहूनही बारीक फरक! ही लेव्हल बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना पाहिले की बेडला पीळ पडला आहे का ते कळते. यंत्र नुसते नीट टेकले नसले तरी पीळ दिसतो, म्हणून आधी चारी पाय सारखे करून घ्यायचे आणि मगच बोलायचे.

दुसरे साधन डायल. घड्याळासारखी तबकडी आणि खाली एक टोक. चकमागच्या गाभ्यात एक अचूक घासलेला दांडा बसवतात, डायलचे टोक त्याला टेकवतात आणि त्याच्या लांबीवरून सरकवतात. काटा फार हलला तर हेडस्टॉक जागचा सरकला आहे, असे समजायचे. टेलस्टॉकचीही अशीच रेष तपासतात.

वीज शेवटी, आणि तीही वायरमनकडून. मोटरचे पाय तडकले आहेत का, तारा सोलल्या आहेत का, डब्यात ओल गेली आहे का, हे तो पाहतो. मेगर नावाच्या यंत्राने मोटरच्या वेटोळ्यांचे इन्सुलेशन मोजतो. ते निदान १ मेगओहम तरी भरले पाहिजे. अर्थिंग जोडल्याशिवाय वीज द्यायची नाही, मग कितीही घाई असो.

आणि सगळे ठीक निघाले तरी पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाचे काम लावू नका. आधी कमी वेगावर थोडा वेळ मोकळे फिरवा, मग एक साधा दांडा कातून दोन्ही टोकांना मोजा. दोन्हीकडे माप सारखे आले की यंत्र धड. एकीकडे जाड, एकीकडे बारीक आले तर रेष चुकली आहे.

मिस्त्रींनी संध्याकाळी निकाल सांगितला: बेड वाचला आहे, हेडस्टॉक जागेवर आहे. उजवा पाय तडकला आहे आणि लीड स्क्रू वाकला आहे. पाय वेल्डिंग करून घ्यावा का, असे यांनी विचारले. ते म्हणाले, "नवं यंत्र आहे. बिडाला वेल्डिंग मुश्किलीनं धरतं, उष्णतेनं दुसरीकडे चीर जाते. तुम्ही डाग दिलात तर कंपनी हात वर करील. नवा पाय मागा."

कागदाचे काम, आपल्या हातचे

मैत्रिणींनो, घरातले हिशेब आपण ठेवतो, दुधाची वही आपण लिहितो. मग हा कागदही आपणच का लिहू नये? त्याच रात्री मी तीन पत्रे लिहिली: एक विकणाऱ्याला, एक ट्रान्सपोर्टवाल्याला, एक विमा कंपनीला. फोनवर बोलणे झाले होते, पण तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. पत्रे सकाळी पोस्टाने रजिस्टर करून पाठवली आणि फोटो ई-मेलने.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी पूर्वी १८६५ चा कायदा होता. त्याच्या जागी २००७ चा नवा कायदा आला आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याप्रमाणे मालाच्या नुकसानीबद्दल दावा करायचा तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी नोटीस द्यावी लागते. माल मिळाल्याच्या नव्हे, बुक केल्याच्या तारखेपासून, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बुकिंग करताना जास्त जोखमीचा दर भरून तसे नोंदवले नसेल, तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते. आमचे भाडे होते १४ हजार. म्हणजे यंत्राचा पार चुराडा झाला असता तरी त्याच्याकडून फार तर १ लाख ४० हजार. बाकीचे पावणेदोन-दोन लाख आमच्या नशिबी! म्हणून वाहतुकीचा विमा हवाच. तो कोण काढणार, विकणारा की घेणारा, त्यात कुठल्या जोखमी येतात आणि माल उतरवतानाचा अपघात त्यात धरला आहे का, हे तिन्ही प्रश्न पैसे भरण्याआधीच विचारा. आमच्या विकणाऱ्याने विमा काढलेला होता. पण तो आम्ही विचारून घेतला नव्हता, हे कबूल करते. ते आमचे नशीब.

तरीही दाद मिळाली नाही तर जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही असे सांगून कुणी वाटेला लावायला पाहील. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी यंत्र घेतले असेल तर २०१९ च्या कायद्याने तुम्ही ग्राहकच आहात. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

शेवटी काय झाले?

विम्याचा सर्व्हेअर पाचव्या दिवशी आला. त्याने आधी बिल्टी मागितली. माझ्या अक्षरातल्या त्या तीन ओळी वाचल्या, फोटो पाहिले, मोडकी लाकडे पाहिली, खडूची रेघ पाहिली. "यंत्र चालवलं होतं का?" एवढेच विचारले. सासूबाई माझ्याआधी बोलल्या, "न्हाई बाबा, नारळ तेवढा फोडला."

नवा पाय आणि नवा लीड स्क्रू आला, राजकोटचा माणूस येऊन बसवून गेला, आणि आषाढात लेथ सुरू झाली. सगळे गोड झाले असे मात्र नाही. दोन महिने यंत्र नुसते उभे होते आणि हप्ते चालू होते. बुडालेल्या कामाचे पैसे आमच्या विम्यातून मिळाले नाहीत. माझ्या पाटल्या सुटायला पुढची संक्रांत उजाडली. पण मी कोरी सही केली असती, किंवा यांनी त्या सकाळी बटन दाबले असते, तर दोष कुणाचा हे कधीच ठरले नसते आणि त्या पाटल्या पुन्हा हातात आल्या असत्या की नाही, कोण जाणे.

तुमच्या घरी लेथ येणार नसेल. पण गिरणी येईल, शेवयांचे यंत्र येईल, निदान फ्रीज तरी येईल. रीत तीच. फ्रीज वाटेत आडवा ठेवला होता असे कळले, तर तो उभा करून पुस्तिकेत सांगितले असेल तितके तास थांबा आणि मगच सुरू करा.

हे कात्रण कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा:

१. हात लावण्याआधी ट्रकवरच फोटो काढा, नंबरासकट.
२. कललेले यंत्र हाताने सरळ करू नका. पोरांना लांब ठेवा.
३. बिल्टीवर दिसले तेवढेच लिहा, शेवटी 'तपासणी बाकी' आणि मग सही. प्रत स्वतःकडे ठेवा.
४. मोडकी लाकडे, तुकडे, पट्टे फेकू नका.
५. बिडात चीर, पोलादात वाक. डोळे, कान, खडू, मग हात.
६. जाणत्याने पाहिल्याशिवाय बटन नाही. मुहूर्त नारळाला!
७. त्याच दिवशी तिघांना लेखी कळवा. १८० दिवसांची मुदत कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

आमच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी ती खूण मी लाल पेनाने केली होती. लेकीने विचारले, "आई, हे काय गं?" मी म्हटले, "यंत्राचं मडकं वाजवलंय, त्याची नोंद."